आकारमान व संहती मापन : महाड–पोलादपूर परिसर

पदार्थाने व्यापलेल्या जागेचे मान म्हणजे आकारमान आणि दिलेल्या आकारमानात वा वस्तुमानात विरघळलेल्या वा मिसळलेल्या पदार्थाचे प्रमाण म्हणजे संहती होय. धान्य, मीठ, तेल, दूध, पाणी, औषध व सांडपाणी यांच्या व्यवहारांत या दोन राशींचे मापन सतत करावे लागते. एका एककातील मान दुसऱ्या एककात मांडण्याचे गणित सोपे असले, तरी त्यामागील व्याख्या, तापमान, मोजण्याची रीत व कायदा यांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत हा इतिहास पायलीपासून मिलिग्रॅमपर्यंत सलग पाहावयास मिळतो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे येते. महाड येथे तिला गांधारी नदी मिळते आणि तेथून पुढे बाणकोटपर्यंत तिची खाडी आहे. भातशेती, जुने बंदर, सार्वजनिक तळे, अतिवृष्टी आणि रासायनिक कारखाने या सर्वांचा संबंध या एका नदीखोऱ्याशी असल्याने पाण्याचे व पाण्यातील पदार्थांचे मापन हा येथे केवळ शालेय विषय राहिलेला नाही.

पारंपरिक मापे : दशमान पद्धती येण्यापूर्वी महाराष्ट्रात धान्य वजनाने न देता मुख्यतः मापाने दिले जाई. सर्वसाधारण कोष्टक पुढीलप्रमाणे होते : २ निळवी = १ कोळवे, २ कोळवी = १ चिपटे, २ चिपटी = १ मापटे, २ मापटी = १ शेर, ४ शेर = १ पायली, १२ पायल्या = १ मण व २० मण = १ खंडी. कोकणात अर्ध्या पायलीस अधोली म्हणत आणि फरा हे मोठे मापही प्रचारात होते. बाजारपेठेत धान्य मोजून देण्याचे काम मापारी करी. मोजताना ‘एक’ असे न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची प्रथा होती.

या कोष्टकातील गुणोत्तरे बरीचशी स्थिर असली, तरी मूळ शेराची वा पायलीची धारकता गावोगाव निराळी असे. शिवाय माप काठाला सपाट करून द्यावयाचे की वर शीग लावून, यावरही परिमाण अवलंबून असे. शिगेचा परिणाम किती मोठा होतो, हे साध्या भूमितीने दाखविता येते. माप दंडगोलाकार असून शीग शंकूच्या आकाराची व मापाच्या खोलीच्या एक-तृतीयांश उंचीची आहे असे मानल्यास शिगेचे घनफळ मापाच्या घनफळाच्या एक-नवमांश, म्हणजे सु. ११ टक्के येते. या हिशेबाने सपाट मापाच्या २० मणांच्या खंडीत शिगेमुळे जवळजवळ सव्वादोन मणांची भर पडते. कोष्टकात मात्र दोन्ही ठिकाणी ‘एक खंडी’ एवढीच नोंद होते.

दक्षिण कुलाब्यात खोती पद्धती रूढ होती व कुळाकडून खंड पुष्कळदा धान्यरूपाने, पिकाच्या अर्ध्या वा तिसऱ्या हिश्शाने (अर्धेली व तिर्धेली) घेतला जाई. अशा व्यवस्थेत माप कोणाचे आणि ते कसे भरावयाचे, हा प्रश्न कुळाच्या वर्षभराच्या अन्नाशी निगडित होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्यासाठी विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला.

आकारमानाने धान्य मोजण्यात आणखी एक अडचण होती. एकाच पायलीत मावणाऱ्या भाताचे (सालीसकट) आणि तांदळाचे वजन सारखे नसते. भाताच्या टरफलामुळे दाण्यांमधील पोकळी वाढते व त्याची राशी-घनता तांदळाहून बरीच कमी भरते. दाणा जाड की बारीक, कोरडा की ओलसर, माप हलवून भरले की न हलवता, यांनुसारही वजन बदलते. त्यामुळे आकारमानावरून वस्तुमान काढण्यासाठी घनता माहीत असणे आवश्यक ठरते. दशमान पद्धतीतील सर्व रूपांतरांनाही हाच नियम लागू पडतो.

बंदर व व्यापार : भरतीच्या पाण्याचा लाभ होत असल्याने महाड हे आतल्या भागात असूनही जुने बंदर होते. घाटावरून उतरणारा माल व किनाऱ्यावरून येणारा माल यांची येथे गाठ पडे. पेशवाईच्या अखेरच्या काळात या गावास राजकीय महत्त्वही आले. १७९६ मध्ये नाना फडणीस यांनी महाड येथे राहून आपली कारस्थाने पार पाडली आणि १८०२ मध्ये दुसरा बाजीराव पुण्याहून निघून प्रथम महाडकडे आला. निरनिराळ्या प्रदेशांतील मालाबरोबर निरनिराळी मापेही बंदरात येत. मुंबईच्या जुन्या कोष्टकांत धान्याचा फरा ७ पायल्यांचा व ८ फऱ्यांची एक खंडी असे. परंतु मिठाचा फरा साडेदहा अधोल्यांचा, १०० फऱ्यांचा एक आणा व १६ आण्यांची एक रास असे निराळेच कोष्टक होते. म्हणजे मापाचे नाव एकच असले, तरी मालाच्या जातीवर त्याचे मान ठरे. हे रूपांतर व्यापाऱ्यास तोंडपाठ असे. शेतकऱ्यास मात्र ते क्वचितच पडताळून पाहता येई.

ब्रिटिश अंमल : ब्रिटिश राजवटीत देशी मापांच्या जोडीला पौंड, गॅलन, पाइंट इ. मापे आली. इंपीरियल गॅलन म्हणजे ६२° फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड पाण्याचे आकारमान. ते ४·५४६ लिटर होते. विशेष म्हणजे याच काळात भारत दशमान पद्धतीच्या अगदी जवळ येऊन पोहोचला होता. १८७० मध्ये संमत झालेला कायदा भारतमंत्र्यांच्या मान्यतेअभावी रद्द झाला. त्यानंतरच्या १८७१ च्या कायद्यात नवा शेर एका किलोग्रॅमबरोबर आणि धारकतेचे एकक एक शेर पाणी मावेल एवढे, म्हणजे व्यवहारात लिटरएवढेच, ठरविण्यात आले होते. तथापि हा कायदा अंमलात आला नाही. त्यामुळे ८० तोळ्यांचा (सु. ९३३ ग्रॅ.) शेर, स्थानिक पायली आणि गॅलन ही तिन्ही मापे पुढे पाऊणशेहून अधिक वर्षे शेजारी शेजारी नांदली. मुंबई इलाख्यात १९३२ च्या वजने व मापे अधिनियमाने स्थानिक विविधतेस आळा घालण्याचा प्रयत्न झाला.

संहतीचे मापन सामान्य जनतेच्या व्यवहारात प्रथम शिरले ते अबकारीमार्फत. १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमानंतर मद्याच्या तीव्रतेवर कर व नियंत्रण ठेवण्यासाठी ‘लंडन प्रूफ’ हे मान वापरले गेले. द्रवघनतामापकाने मोजलेल्या प्रूफ मद्यात आकारमानाने सु. ५७·१ टक्के अल्कोहॉल असते. त्याहून २५ अंश सौम्य मद्य म्हणजे प्रूफच्या ७५ टक्के तीव्रतेचे मद्य होय; ५७·१ × ०·७५ = ४२·८ टक्के. दशमान पद्धती आल्यावरही भारतीय बाटल्यांवर ४२·८ हा अपूर्णांकी आकडा टिकून राहिला, त्याचे मूळ या रूपांतरात आहे. मद्यार्क व पाणी यांच्या मिश्रणात आकारमानांची बेरीज होत नाही, हेही याच संदर्भात लक्षात घेतले पाहिजे. ५० मिलि. अल्कोहॉल व ५० मिलि. पाणी एकत्र केल्यास सु. ९६ ते ९७ मिलि. मिश्रण मिळते. वस्तुमानांची बेरीज मात्र कायम राहते.

लिटर : फ्रान्समध्ये १७९५ साली लिटरची व्याख्या एक घन डेसिमीटर अशी करण्यात आली. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ती बदलून प्रमाण वातावरणीय दाबाखाली व कमाल घनतेच्या तापमानाला (सु. ४° से.) असलेल्या एक किलोग्रॅम शुद्ध पाण्याचे आकारमान म्हणजे लिटर, अशी केली. ही दोन माने तंतोतंत जुळत नव्हती. नवा लिटर १·००००२८ घन डेसिमीटर भरत होता. त्यामुळे ‘मिलिलिटर’ व ‘घन सेंटिमीटर’ यांत दशलक्षात २८ भागांचा फरक राहिला. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द करून लिटर हे घन डेसिमीटरचेच दुसरे नाव ठरविण्यात आले. तेव्हापासून १ मिलि. = १ घ. सेंमी. व १,००० लि. = १ घ. मी. ही समीकरणे व्याख्येनेच अचूक आहेत. ‘एक लिटर पाणी म्हणजे एक किलोग्रॅम’ हे विधान मात्र अंदाजी आहे. महाडच्या हवेत सहज आढळणाऱ्या ३०° से. तापमानाला एक लिटर शुद्ध पाण्याचे वस्तुमान सु. ९९५·७ ग्रॅ. असते. घरगुती व्यवहारात हा फरक उपेक्षणीय असला, तरी प्रयोगशाळेत तो दुर्लक्षून चालत नाही. म्हणून मापक उपकरणांवर धारकतेबरोबर तापमानही नोंदलेले असते.

दशमान पद्धतीचा स्वीकार : भारतात २८ डिसेंबर १९५६ रोजी वजने व मापे यांच्या मानकांचा अधिनियम मंजूर झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत दशमान वजने लागू झाली व एप्रिल १९६२ पासून व्यापारात त्यांचा वापर सर्वत्र सक्तीचा झाला. पुढे १९७६ चा अधिनियम व त्याच्या जागी आलेला २००९ चा वैध मापनशास्त्र अधिनियम (अंमल १ एप्रिल २०११ पासून) यांनी ही व्यवस्था दृढ केली. या बदलाचा ग्रामीण भागातील मोठा परिणाम म्हणजे धान्याचा बाजार मापावरून तराजूवर गेला. शिगेचा वाद त्यामुळे कायद्यापुरता तरी मिटला. कोकणातील घरांत मात्र पायली, अधोली व शेर हे शब्द आणि ती भांडीही पुढे दीर्घकाळ राहिली.

संहतीची एकके व रूपांतरे : संहती हे गुणोत्तर असल्याने तिच्या एककाला नेहमी दोन बाजू असतात : विरघळलेल्या पदार्थाचे परिमाण आणि विद्रावाचे परिमाण. रूपांतर करताना दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो. १ टक्का (वस्तुमान/आकारमान) म्हणजे १०० मिलि. विद्रावात १ ग्रॅ., अर्थात १० ग्रॅ. प्रति लिटर होय. १ ग्रॅ. प्रति लि. = १,००० मिग्रॅ. प्रति लि. = १ किग्रॅ. प्रति घ. मी. तसेच १ मिग्रॅ. प्रति लि. = १ ग्रॅ. प्रति घ. मी. विरल जलीय विद्रावाची घनता पाण्याइतकीच धरल्यास १ मिग्रॅ. प्रति लि. म्हणजे दशलक्ष भागांत एक भाग असे मानतात. विद्राव दाट असल्यास हे समीकरण लागू पडत नाही. समुद्राच्या पाण्यात वस्तुमानाने हजार भागांत सु. ३५ भाग क्षार असतात. त्याची घनता सु. १·०२५ ग्रॅ. प्रति मिलि. असल्याने एका लिटरमधील क्षार ३५ ग्रॅ. नसून सु. ३५·९ ग्रॅ. भरतात. खाडीच्या पाण्याची व खार जमिनीतील निचऱ्याच्या पाण्याची क्षारता नोंदविताना ती वजनावर आधारलेली आहे की आकारमानावर, हे सांगणे म्हणूनच आवश्यक असते.

रासायनिक विक्रियांत पदार्थाच्या वजनापेक्षा त्यातील कणांची संख्या महत्त्वाची असते. त्यासाठी मोल हे एकक १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय पद्धतीत समाविष्ट झाले. ग्रॅममधील वस्तुमानाला मोलर वस्तुमानाने भागल्यास मोल मिळतात. उलट दिशेने जाताना गुणाकार करावा लागतो.

चवदार तळे : पाण्याच्या शुद्धतेची कल्पना सर्व काळी मोजता येणाऱ्या राशीवर आधारलेली नव्हती, याचे ठळक उदाहरण महाड येथेच घडले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता व महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस जमलेल्या लोकांनी तळ्यावर जाऊन पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण, गोमूत्र इत्यादींनी भरलेल्या १०८ मडक्यांतील द्रव तळ्यात ओतून ते ‘शुद्ध’ केले. एका मडक्यात १० लिटर द्रव होता असे क्षणभर गृहीत धरले, तरी १०८ मडक्यांचे आकारमान १,०८० लिटर, म्हणजे एका घनमीटरहून किंचित अधिक होते. मापनशास्त्राच्या दृष्टीने या कृतीने पाण्यातील सेंद्रिय द्रव्याची संहती वाढलीच असणार. माणसाच्या स्पर्शाने पाण्याच्या कोणत्याही मोजता येणाऱ्या गुणधर्मात काही बदल झाला होता असे दाखविता येत नव्हते आणि विधी करणाऱ्यांना तसे दाखविण्याची गरजही वाटली नाही. नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये आपला ठराव मागे घेतला. डिसेंबर १९२७ मधील दुसऱ्या परिषदेपूर्वी न्यायालयाचा मनाई हुकूम आला. अखेर मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला. पाणी सर्वांचे असेल, तरच त्याच्या शुद्धतेचे मानही सर्वांसाठी एक राहू शकते, हा या लढ्याचा मापनाशी असलेला संबंध होय.

विहिरींचे निर्जंतुकीकरण : रोगजंतूंपासून पाणी सुरक्षित करण्यासाठी ग्रामीण भागात विरंजक चूर्ण वापरतात. ताज्या चूर्णात वजनाने सु. ३३ टक्के व साठवणीतील चांगल्या चूर्णात २५ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. मात्रा ठरविण्यापूर्वी विहिरीतील पाण्याचे आकारमान काढावे लागते. गोल विहिरीसाठी व्यासाचा वर्ग × पाण्याची खोली × ०·७८५ या सूत्राने ते घनमीटरमध्ये मिळते आणि त्याला १,००० ने गुणले की लिटर मिळतात. ३ मी. व्यासाच्या व २ मी. पाणी असलेल्या विहिरीत १४·१३ घ. मी., म्हणजे १४,१३० लि. पाणी असते. स्वच्छ पाण्यासाठी १,००० लिटरला २·५ ग्रॅ. चूर्ण हे स्थूल प्रमाण धरल्यास या विहिरीस सु. ३५ ग्रॅ. चूर्ण लागते. चूर्णात २५ टक्के क्लोरीन असल्यास ही मात्रा ०·६२५ मिग्रॅ. प्रति लि. होते.

कोकणातील पावसाळ्याच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या चूर्णातील क्लोरीन उडून जातो. त्याचे प्रमाण १० टक्क्यांवर आले, तर त्याच ३५ ग्रॅममधून केवळ ०·२५ मिग्रॅ. प्रति लि. एवढीच मात्रा मिळते. चूर्ण मोजून टाकल्याची नोंद बरोबर असते, परंतु पाणी सुरक्षित नसते. पुराचे गढूळ पाणी विहिरीत शिरल्यावर सेंद्रिय द्रव्ये क्लोरीन खर्ची घालतात, त्यामुळे स्थूल प्रमाण तर मुळीच पुरत नाही. अशा वेळी पाण्याची क्लोरीन-मागणी प्रत्यक्ष मोजण्यासाठी ब्रिटिश लष्करी वैद्य विल्यम हॉरॉक्स यांनी तयार केलेली पेटी उपयोगी पडते. तीत प्रत्येकी २०० मिलि. धारकतेचे सहा पांढरे व एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यात चूर्णाचा विद्राव करून त्याचे एक, दोन, तीन असे वाढते थेंब पांढऱ्या पेल्यांतील पाण्यात टाकतात, अर्धा तास थांबतात व नंतर स्टार्च-आयोडाइड दर्शक घालतात. ज्या क्रमांकाच्या पेल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग दिसेल, त्या क्रमांकाला २ ने गुणले की ४५५ लिटरला लागणारे चूर्ण ग्रॅममध्ये मिळते.

४५५ हा आकडा दशमान पद्धतीत विचित्र दिसतो. १०० इंपीरियल गॅलन म्हणजे ४५४·६ लिटर आणि जुने ३० ग्रेनचे माप म्हणजे सु. १·९४ ग्रॅम. पद्धती बदलली तेव्हा दोन्ही आकडे पूर्णांकात आणले गेले, एवढाच त्याचा अर्थ आहे. तो न समजता ४५५ ऐवजी सोयीचा १,००० हा आकडा घेतल्यास काय होईल, ते वरील विहिरीवरून दिसते. तिसऱ्या पेल्यात रंग आल्यास ४५५ लिटरला ६ ग्रॅ. या दराने १४,१३० लिटरला सु. १८६ ग्रॅ. चूर्ण लागेल. १,००० लिटरला ६ ग्रॅ. असे चुकून धरल्यास ते सु. ८५ ग्रॅ. भरेल, म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. तासाभराच्या संपर्कानंतर पाण्यात थोडा मुक्त क्लोरीन शिल्लक राहतो की नाही, हे तपासणे म्हणूनच गणितापेक्षाही महत्त्वाचे असते. भारतीय मानकानुसार (२०१२) ग्राहकाच्या टोकाला तो किमान ०·२ मिग्रॅ. प्रति लि. असावा लागतो.

वैद्यकीय मापन : अतिसारात देण्यात येणाऱ्या जलसंजीवनीचे मिश्रण हे संहतीच्या नेमकेपणाचे उदाहरण आहे. २००२ पासून मान्य झालेल्या सूत्रानुसार एक लिटर विद्रावात सोडियम क्लोराइड २·६ ग्रॅ., ग्लुकोज १३·५ ग्रॅ., पोटॅशियम क्लोराइड १·५ ग्रॅ. व ट्रायसोडियम सायट्रेट २·९ ग्रॅ. असते. ग्लुकोजचे मोलर वस्तुमान सु. १८० असल्याने १३·५ ग्रॅ. म्हणजे ७५ मिलिमोल होतात. सोडियमही क्लोराइडातून सु. ४५ व सायट्रेटातून सु. ३० मिळून ७५ मिलिमोल होतो. ही समानता हेतुपूर्वक ठेवलेली आहे, कारण आतड्यात ग्लुकोज व सोडियम एकमेकांच्या साहाय्याने शोषले जातात. एक लिटरची पुडी पाऊण लिटर पाण्यात घातली, तर दोहोंची संहती १०० मिलिमोल प्रति लिटर होते व लहान मुलास अपाय होऊ शकतो. अर्थात घरातील तांब्या किंवा बाटली नेमकी किती मापाची आहे, हे एकदा पडताळून पाहणे हिताचे ठरते.

महाड परिसरातील वैद्यकीय इतिहासात विंचूदंशावरील संशोधनाला विशेष स्थान आहे. बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० नंतरच्या दशकात काम सुरू करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री २०२२) यांनी लाल विंचवाच्या दंशाने हृदय व फुप्फुसांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष १९८२ व १९८६ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी उपयोगात आणलेल्या प्राझोसीन या औषधाने पूर्वी फार मोठे असलेले मृत्युमान पुष्कळ खाली आले. या औषधाची मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅमला ३० मायक्रोग्रॅम अशी सांगितली जाते. दहा किलोग्रॅम वजनाच्या मुलासाठी ती ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०·३ मिलिग्रॅम होते. मायक्रोग्रॅम व मिलिग्रॅम यांत हजारपटीचे अंतर आहे. दशांशचिन्ह एक घर जरी चुकले, तरी मात्रा दहापट होते. ग्रामीण केंद्रातही एककांचे ज्ञान किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानात येते.

पाऊस, पूर व टंचाई : पावसाची नोंद लांबीच्या एककात, मिलिमीटरमध्ये करतात; परंतु तिचे आकारमानात रूपांतर सहज होते. एका चौरस मीटरवर १ मिमी. पाऊस म्हणजे १ लि. पाणी, तर एका हेक्टरवर १० घ. मी. पाणी होय. २२–२३ जुलै २०२१ या चोवीस तासांत सावित्रीच्या उगमाजवळ महाबळेश्वर येथे सु. ५९४ मिमी. पावसाची नोंद झाली. हे मान एका चौरस किलोमीटरला ५,९४,००० घ. मी., अर्थात ५९·४ कोटी लिटर होते. हा आकडा समोर ठेवला म्हणजे महाड शहर पाण्याखाली का गेले, हे समजते. त्याच वेळी महाड तालुक्यातील तळिये येथे व पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळून मोठी प्राणहानी झाली. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीच्या पुरात महाडजवळील ब्रिटिशकालीन पूल कोसळून वाहने वाहून गेली होती. नदीचा विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात किंवा जुन्या सवयीने क्युसेकमध्ये सांगतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८·३ लि. होय.

इतका पाऊस पडूनही पोलादपूरच्या डोंगराळ वाड्यांत उन्हाळ्यात पाणी दुर्मिळ होते, कारण तीव्र उतारावरून ते वाहून जाते. ग्रामीण पाणीपुरवठ्याचे मान पूर्वी माणशी दररोज ४० लि. होते, २०१९ च्या जल जीवन मोहिमेत ते ५५ लि. करण्यात आले. पाच माणसांच्या कुटुंबास या मानाने २७५ लि. पाणी लागते. पंधरा लिटरच्या हंड्याने ते डोक्यावरून आणावयाचे झाल्यास अठरा खेपांनीही पुरते भागत नाही. सरकारी कोष्टकातील लिटरचे हे रूपांतर बहुतांशी स्त्रियांच्या श्रमात होते.

औद्योगिक सांडपाणी : महाडजवळ बिरवाडीच्या परिसरात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत असून तीत रासायनिक कारखान्यांची संख्या मोठी आहे. येथील सांडपाणी सामाईक केंद्रात प्रक्रिया करून सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. जलप्रदूषणास आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये व केंद्राने १९७४ मध्ये कायदा केला. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केलेल्या नियमांत सांडपाण्यातील पदार्थांच्या मर्यादा मिग्रॅ. प्रति लि. या एककात दिल्या आहेत. जैव ऑक्सिजन-मागणीची सर्वसाधारण मर्यादा भूपृष्ठावरील जलाशयांसाठी ३० व सागरी किनाऱ्यासाठी १०० आहे. रासायनिक ऑक्सिजन-मागणीची दोहोंसाठी २५० आहे. म्हणजे तेच पाणी कोठे सोडले जाते, यावर ते नियमात बसते की नाही, हे ठरते. मोजण्याची रीतही आकड्याचाच भाग असते. जैव ऑक्सिजन-मागणी पूर्वी २०° से.ला पाच दिवसांनी मोजत, नंतर भारतीय हवामानास अनुरूप अशी २७° से.ला तीन दिवसांची रीत स्वीकारण्यात आली. जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना हे विसरून चालत नाही.

संहतीइतकाच महत्त्वाचा आकडा म्हणजे एकूण भार होय. दिवसाला दहा लक्ष लिटर प्रवाहात १ मिग्रॅ. प्रति लि. संहतीचा पदार्थ असेल, तर दिवसाला १ किग्रॅ. पदार्थ बाहेर पडतो. समजा, ५० लक्ष लिटर सांडपाण्याची जैव ऑक्सिजन-मागणी १०० मिग्रॅ. प्रति लि. आहे, तर भार ५०० किग्रॅ. झाला. त्यात चौपट स्वच्छ पाणी मिसळले, तर आकारमान २५० लक्ष लिटर व संहती २० मिग्रॅ. प्रति लि. होईल. आता ते ३० च्या मर्यादेत बसेल. परंतु नदीत पडणारा भार ५०० किग्रॅ. एवढाच राहील. केवळ विरलीकरणाने पदार्थ नाहीसा होत नाही. खाडीत भरती-ओहोटीबरोबर पाणी मागेपुढे होते व उन्हाळ्यात वरून येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह क्षीण होतो. अशा वेळी संहतीच्या एकाच आकड्यावर विसंबणे मच्छीमार व किनाऱ्यावरील शेतकरी यांच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. म्हणून संहती, प्रवाह व भार यांच्या नोंदी एकत्र ठेवून त्या लोकांना पाहावयास मिळणे इष्ट असते.

पायलीच्या शिगेत, गॅलनमधून आलेल्या ४५५ या आकड्यात आणि विरल केलेल्या सांडपाण्यात समान असलेला मुद्दा हा, की मापाचे नाव वा आकडा सांगितल्याने मापन पूर्ण होत नाही. कशाचे, कितीतून, कोणत्या स्थितीत व कोणाच्या मापाने, या चार गोष्टी स्पष्ट झाल्या म्हणजेच एका एककातून दुसऱ्या एककात जाताना वस्तुस्थिती शाबूत राहते.